पंचहौदातला चहा आणि शेजारच्या पेठेतला हौद

कोथरूडकडे जाणारा हमरस्ता आज ज्यांच्या नावाने ओळखला जातो, ते महर्षी धोंडो केशव कर्वे १८९१ साली फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवण्यासाठी पुण्यात आले. कोथरूड त्या वेळी मुठेपलीकडचे शेतीवाडीचे खेडे होते. म्हातोबाची टेकडी, पेशवेकालीन मृत्युंजयेश्वराचे देऊळ आणि सभोवार शेते. त्याच बाजूला हिंगण्याच्या माळावर १९०० साली एक झोपडी उभी राहिली आणि कर्व्यांनी विधवा स्त्रियांसाठी चालवलेला आश्रम तिथे नेला. शहरात शिकवायचे आणि शिकवणे संपले की पायी हिंगण्याची वाट धरायची, हा त्यांचा पुढे कित्येक वर्षांचा क्रम होता.

इतके शालेय पुस्तकांतून सर्वांना ठाऊक असते. त्या पुस्तकांतून सहसा निसटते ती गोष्ट निराळीच आहे. कर्व्यांनी ११ मार्च १८९३ रोजी जिच्याशी पुनर्विवाह केला ती विधवा, गोदूबाई, म्हणजेच पुढच्या आनंदीबाई कर्वे, पंडिता रमाबाईंच्या शारदासदनात शिकलेली होती. सदनात दाखल झालेली ती पहिली विधवा विद्यार्थिनी. म्हणजे हिंगण्याच्या त्या झोपडीची एक मुळी एका ख्रिस्ती बाईने चालवलेल्या शाळेत जाऊन पोचते. ही मुळी शोधत आपण मागे गेलो की १८९० सालचा पावसाळा नुकताच सरलेल्या पुण्यात येऊन थांबतो. त्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात ह्या शहरात तीन गोष्टी घडल्या. त्यांतल्या एकीवर पुणे दोन वर्षे वाद घालत राहिले, दुसरीवर तीन वर्षे धुमसत राहिले आणि तिसरीकडे शहाण्यासुरत्या पुण्याचे फारसे लक्षच गेले नाही.

पुण्याला वादाची हौस तेव्हाही होतीच. ज्ञानप्रकाश १८४९ पासून निघत होता. सार्वजनिक सभा १८७० मध्ये स्थापन झालेली, वसंत व्याख्यानमाला न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ मध्ये सुरू केलेली. १८८१ मध्ये केसरी आला. १८८८ मध्ये आगरकरांनी केसरीपासून वेगळे होऊन सुधारक काढला, आणि एकाच शाळेच्या उभारणीत खांद्याला खांदा लावलेले दोन मित्र दोन वृत्तपत्रांच्या आडून एकमेकांवर शब्दांचे आसूड ओढू लागले. आधी सामाजिक सुधारणा की आधी राजकीय, सरकारने विवाहाच्या बाबतीत कायदा करावा की करू नये, स्त्रियांना काय शिकवावे, वर्तमानपत्रवाल्याचे कर्तव्य कोणते, असे प्रश्न माडीवर, ओसरीवर, सभेत आणि छापील स्तंभांत एकसारखे घुसळले जात. संमतिवयाच्या कायद्याचा वाद तेव्हा पेटत चालला होता. मुलीच्या संमतीचे वय दहावरून बारा वर्षांवर नेणारा तो कायदा पुढे मार्च १८९१ मध्ये संमत झाला. एकंदरीत त्या काळच्या पुण्याएवढा बोलका समाज भारतवर्षात क्वचितच असेल. ह्या बोलकेपणाची परीक्षा मात्र एका पेल्याने घेतली.

गुरुवार पेठेत पाच हौदांवरून नाव पडलेल्या भागात पंचहौद मिशन होते आणि आजही तिथले पवित्र नाम देवालय व त्याचा उंच मनोरा वाटसरूच्या नजरेत भरतो. हे मिशन आपल्या कॅथलिक ख्रिस्तसभेचे नव्हे. ते अँग्लिकन पंथाचे. परंतु ते चालवणारे ऑक्सफर्डजवळच्या काउली येथील धर्मबंधू व्रतस्थ, अविवाहित राहून संघजीवन जगणारे होते आणि त्यांच्या जोडीला वाँटेज येथील धर्मभगिनींचा संघ सेवा करीत होता. उपासनेची त्यांची रीत पाहून एखाद्या कॅथलिक पाहुण्याला आपण आपल्याच देवालयात आलो की काय, असे वाटावे. काशीत वाढलेले, १८४८ साली बाप्तिस्मा घेऊन ख्रिस्ती झालेले आणि षड्दर्शनांची चिकित्सा करणारे पंडित नीळकंठशास्त्री, म्हणजेच फादर नेहेम्या गोरे, ह्यांचाही ह्या मिशनशी निकटचा संबंध होता. ज्या चित्पावन घराण्यांतून पुण्याचे पुढारी आले त्याच ज्ञातीचा हा माणूस. तेव्हा पंचहौद हे काही पुण्याला परके असे स्थळ नव्हते. वादविवादाचे नाते आधीपासून जुळलेले होते.

ऑक्टोबर १८९० मध्ये ह्या मिशनमध्ये एक सभा भरली. पुण्यातील नामांकित मंडळी तिथे जमावीत अशी खटपट गोपाळराव जोशी ह्यांनी केली होती. हे गोपाळराव म्हणजे डॉ. आनंदीबाई जोशी ह्यांचे पती. पत्नीला समुद्रापार पाठवून डॉक्टर करण्याचा हट्ट धरणारे आणि १८८७ मध्ये तिच्या अकाली मृत्यूनंतर एकाकी झालेले. गृहस्थ विलक्षण तऱ्हेवाईक. सनातन्यांची खोडी काढायची आणि सुधारकांचीही, दोघांचे सोंग उघडे पाडायचे, ह्यात त्यांना एक प्रकारचा कडवट आनंद होत असावा. सभेला महादेव गोविंद रानडे होते, बाळ गंगाधर टिळक होते, तरुण गोपाळ कृष्ण गोखले होते, आणखीही बरेच प्रतिष्ठित लोक होते. भाषण झाले. नंतर मिशनच्या रीतीप्रमाणे पाहुण्यांपुढे चहा आणि बिस्किटे ठेवण्यात आली.

चहा हे पेय तेव्हा मराठी घरांत आजच्यासारखे रुळलेले नव्हते. ते साहेबाचे पेय होते. त्यातून तो ख्रिस्ती माणसांच्या हातचा. बिस्किटाची गोष्ट तर त्याहून नाजूक. वसईच्या वाचकांना ह्याचा मर्म फोड करून सांगायला नको. पोर्तुगीजांनी विहिरीत पाव टाकला, लोकांनी नकळत ते पाणी प्यायले आणि सारा गाव बाटला, ही कहाणी पिढ्यान्‌पिढ्या आपल्याविषयी सांगितली गेली आहे. कहाणीचे ऐतिहासिक मोल काहीही असो, तिच्यामागची समजूत खरी होती. माणूस विश्वासाने ख्रिस्ती होतो हे समाजाने मानलेलेच नव्हते. तो घासाने आणि घोटाने ख्रिस्ती होतो, असे मानले होते. म्हणून पंचहौदातल्या त्या टेबलापुढे बसलेल्या विद्वानांना ठाऊक होते की हा प्रश्न तहानेचा नाही. कोणी चहा घेतला. कोणी यजमानांचा मान राखायचा म्हणून पेला नुसता ओठांना लावला, कोणी तो तसाच खाली ठेवला. सभा संपली, मंडळी घरोघर गेली.

तिथेच सारे संपायचे. पण गोपाळरावांनी उपस्थितांची यादी ‘पुणे वैभव’ ह्या सनातनी वळणाच्या वर्तमानपत्राकडे दिली आणि ती छापून आली. अमुक अमुक गृहस्थ मिशनमध्ये गेले व त्यांनी चहा-बिस्किटे घेतली, अशी जाहीर नावनिशी.

वर्तमानपत्र ह्या नव्या साधनाचे खरे रूप पुण्याला त्या दिवशी उमगले असावे, असे मला वाटते. तोवर वर्तमानपत्र हे मतांच्या लढाईचे मैदान होते. त्यात माणूस आपले मत स्वतः होऊन मांडायला येई. यादीने वेगळेच केले. चार माणसांत बसून झालेली गोष्ट तिने उचलली आणि जे तिथे नव्हते त्या हजारोंच्या पुढे टाकली. कोण काय बोलले, कोणी कोणता मुद्दा खोडला, हे यादीत नव्हते, आणि ते विचारलेही कोणी नाही. त्या दिवशीच्या व्याख्यानाचा विषय आज फार थोड्यांना सांगता येईल, पण चहा मात्र मराठी इतिहासात अजरामर झाला. ज्या टिळकांची आणि रानड्यांची मते दहा प्रश्नांवर दहा दिशांना जात, ते दोघे यादीत एकाच रांगेत आरोपी म्हणून उभे राहिले. यादीला मतभेद कळत नाहीत. तिला फक्त हजेरी कळते.

मग ग्रामण्य सुरू झाले. ग्रामण्य म्हणजे ज्ञातीने एखाद्या व्यक्तीवर वा कुटुंबावर चालवलेला धर्माचाराचा खटला. सनातनी मंडळी शंकराचार्यांकडे गेली, शंकराचार्यांनी चौकशीसाठी शास्त्री नेमले आणि पुण्यात जणू न्यायासन भरले. कोण चहा प्याला, किती प्याला, जाणूनबुजून की अनवधानाने, ह्यावर ग्रंथांतरीची वचने काढून काथ्याकूट झाली. टिळक शास्त्राधारावर वाद करण्यात कोणाला हार जाणारे नव्हते. त्यांनी आपली बाजू मांडली आणि आपण काशीला प्रायश्चित्त घेतले असल्याचेही सांगितले. तरी बहिष्काराची धग त्यांच्याही घराला लागली. घरच्या मंगलकार्याला भटजी मिळणे मुश्कील व्हावे, अशी परिस्थिती होती. ज्यांच्या लेखणीला सरकार वचकून असे, त्यांना मुंजी-लग्नाच्या मुहूर्ताला पुरोहिताची वाट पाहावी लागावी, ही त्या समाजाची खरी सत्ता कुठे होती ह्याची खूण आहे.

बहिष्कार ही गोष्ट आज ऐकायला कादंबरीतल्यासारखी वाटते. ज्याच्यावर तो पडे, त्याच्या घरी पंक्तीला कोणी येत नसे, त्याला कोणी बोलवत नसे, सोयरीक जुळत नसे, आणि दुःखाचा प्रसंग आला तर खांदा द्यायला माणसे मिळण्याची पंचाईत होई. शिक्षा पुरुषाला झाली तरी ती भोगत असत घरातल्या बायका आणि लग्नाच्या मुली. कर्व्यांनी पुनर्विवाह केला तेव्हा त्यांच्या मुरूड गावाने हेच केले. गावची सभा भरली, ठराव झाला आणि सख्ख्या भावाने घरात थारा दिला तर त्यालाही वाळीत टाकण्याची धमकी मिळाली. कर्व्यांनी आपल्या आत्मवृत्तात हे सारे फार संयमाने नोंदवले आहे. त्यांच्या म्हाताऱ्या आईची त्या दिवसांतली स्थिती वाचताना तो संयम वाचकाला मात्र जड जातो.

न्यायमूर्ती रानड्यांनी १८९२ मध्ये प्रायश्चित्त घेतले. ह्या प्रसंगाची हकीगत त्यांच्या पत्नी रमाबाई रानडे ह्यांनी १९१० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या आठवणींत दिली आहे. मराठीतील प्रांजळ आत्मकथनांत त्या पुस्तकाला फार वरचे स्थान आहे, आणि त्यातले हे प्रकरण तर विशेषच. रानड्यांना स्वतःसाठी त्या विधीची गरज वाटत नव्हती. मित्रांच्या घरांत कोंडी झाली होती, वडीलधारी माणसे व्याकूळ झाली होती, आपण एकट्याने ताठ राहिलो तर त्यांची सुटका होणार नाही, ह्या विचाराने ते नमले. रमाबाईंना ते रुचले नव्हते. सुधारकांच्या गोटातही नाराजी पसरली. ज्याने मार्ग दाखवायचा त्यानेच माघार घेतली, हा आक्षेप तेव्हाही झाला आणि आजही होतो.

मला ह्या आक्षेपात अर्धे सत्य दिसते. रानड्यांनी स्वतःच्या सोयीसाठी माघार घेतली असे म्हणणे त्यांच्यावर अन्याय करणारे आहे. मित्राच्या आईच्या डोळ्यांतील पाणी पाहून आपला मानीपणा बाजूला ठेवणारा माणूस भ्याड नसतो. ख्रिस्ती माणसाला तर दुसऱ्याचे ओझे वाहणे ही कल्पना परकी नाही. पण त्यांच्या प्रायश्चित्ताने एक गोष्ट मान्य केली गेली, हेही तितकेच खरे. ख्रिस्ती माणसाच्या हातचे घेणे हे पाप आहे आणि ते धुऊन काढावे लागते, ही ती गोष्ट. ज्या धर्मभगिनींनी तो चहा पुढे केला त्यांना काय वाटले असेल, ह्याचा विचार त्या सगळ्या शास्त्रार्थात कोणी केल्याचे दिसत नाही. पाहुणा घरी येऊन गेला आणि नंतर त्याने तुमच्या घरच्या पाण्यासाठी शुद्धी करून घेतली, हे कळल्यावर यजमानाच्या मनावर जो ओरखडा उठतो, तो आपल्यापैकी अनेक कुटुंबांनी निरनिराळ्या गावांत अनुभवलेला आहे.

दुसरी गोष्ट त्याच वर्षीच्या नोव्हेंबरातली. पंडिता रमाबाईंनी ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत उघडलेले शारदासदन पुण्याला हलवले. पुणे त्यांना नवे नव्हते. १८८२ साली ह्याच शहराने त्यांच्या संस्कृत वाणीचे कौतुक केले होते, त्यांनी इथेच आर्य महिला समाज स्थापन केला होता. त्यानंतर त्या इंग्लंडला गेल्या, वाँटेज येथे पंचहौदच्याच धर्मभगिनींच्या मूळ मठात राहिल्या आणि २९ सप्टेंबर १८८३ रोजी लहानग्या मनोरमेसह त्यांनी बाप्तिस्मा घेतला. ख्रिस्ती झाल्यावरही त्यांचा वाद करण्याचा स्वभाव गेला नाही. त्रैक्याचे तत्त्व, धर्माधिकाऱ्यांची सत्ता, स्त्रीने कोणापुढे शिकवावे, ह्यांवर त्यांनी आपल्या गुरुभगिनी सिस्टर जेराल्डिन ह्यांच्याशी केलेला पत्रव्यवहार उपलब्ध आहे. आज्ञाधारक नवख्रिस्ती स्त्रीची अपेक्षा करणाऱ्या वडीलधाऱ्यांना ही पत्रे वाचून घाम फुटला असेल. शास्त्र्यांपुढे जी मान झुकली नाही, ती धर्मगुरूंपुढेही विचारल्याशिवाय झुकली नाही. त्यांची सगळीच मते आपल्याला पटतील असे नाही, पण प्रश्न विचारणारी श्रद्धा ही कमी प्रतीची श्रद्धा असते, असे मानण्याचे कारण नाही.

शारदासदनाचा करार असा होता की कोणाच्या धर्मात हात घालायचा नाही. सल्लागार म्हणून रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते. पण रमाबाई स्वतः प्रार्थना करीत तेव्हा दार उघडे असे आणि काही मुली आपण होऊन येऊन बसत. एवढ्यावर गदारोळ झाला. केसरीने टीकेची झोड उठवली, १८९३ मध्ये रानडे व भांडारकर ह्यांनी संबंध सोडला आणि पालकांनी मुली काढून नेल्या. इथेही वादाचा विषय मुलींचे शिक्षण हा उरला नाही, दार उघडे होते की मिटलेले हा झाला. कर्व्यांनी ह्या प्रकरणातून जो धडा घ्यायचा तो घेतला. १८९६ मध्ये त्यांनी काढलेला अनाथ बालिकाश्रम समाजाला शक्य तितका दुखावणार नाही अशा बेताने चालला. रमाबाई पुढे केडगावी गेल्या. दोन्ही वाटा खऱ्या होत्या. कर्व्यांना १९५८ साली भारतरत्न मिळाले आणि ते योग्यच झाले. रमाबाईंच्या वाट्याला महाराष्ट्रात बराच काळ मौन आले.

तिसरी गोष्ट २८ नोव्हेंबर १८९० ची. त्या दिवशी गंज पेठेत जोतीराव फुले वारले.

गंज पेठ आणि गुरुवार पेठ ह्या शेजारच्या पेठा. पंचहौदातून फुल्यांच्या घरी चालत जायला फार वेळ लागू नये. ज्या पाण्याच्या स्पर्शावरून पुण्यातले विद्वान पुढची दोन वर्षे पोथ्या चाळणार होते, त्याच पाण्याचा प्रश्न ह्या माणसाने १८६८ मध्येच निकालात काढला होता. त्याने आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला होता. त्यासाठी सभा बोलावली नाही, शास्त्रार्थ केला नाही. तहान लागलेल्याला पाणी घेऊ दिले. पंचहौदाच्या टेबलाशी त्या दिवशी बसलेल्यांत फुले नव्हते. पक्षाघाताने ते १८८८ पासून आजारी होते. पण प्रकृती धडधाकट असती तरी ह्या यादीत त्यांचे नाव आले नसते, आणि आले असते तरी त्यावर ग्रामण्य झाले नसते. ग्रामण्य व्हायला माणूस आधी पंक्तीतला असावा लागतो.

रानडे आणि फुले एकमेकांना अनोळखी नव्हते. १८७५ मध्ये स्वामी दयानंदांची पुण्यात मिरवणूक निघाली आणि दंग्याची भीती वाटली, तेव्हा रानड्यांच्या विनंतीवरून फुले आपली माणसे घेऊन त्यात चालले होते. म्हणजे रस्त्यावर दोघे बरोबर होते. लेखनाच्या व्यासपीठावर मात्र तसे झाले नाही. मराठी ग्रंथकारांचे पहिले संमेलन रानड्यांच्या पुढाकाराने १८७८ मध्ये भरले होते. दुसरे १८८५ मध्ये पुण्यात भरायचे होते. रानड्यांनी फुल्यांना निमंत्रण धाडले. फुल्यांनी पत्र लिहून ते नाकारले. ज्यांच्या ग्रंथांत आणि वागण्यात सर्व माणसांचे हक्क मान्य केलेले नाहीत त्यांच्या सभेत आमचे काय काम, असा त्या पत्राचा रोख होता. ते पत्र जून १८८५ मध्ये छापून आले ते ज्ञानोदयात. अमेरिकन मराठी मिशनने १८४२ साली अहमदनगरला सुरू केलेले हे ख्रिस्ती नियतकालिक. त्याच वर्षी फुल्यांनी ‘सत्सार’ काढले आणि त्यात पंडिता रमाबाईंच्या धर्मांतराची बाजू घेतली. रमाबाईंवर सगळीकडून दगड पडत असताना त्यांच्या बाजूने लेखणी उचलणारा हा पुण्यातला माणूस ख्रिस्ती नव्हता.

मिशनऱ्यांच्या नियतकालिकांवर आजवर पुष्कळ टीका झाली आहे आणि त्यांतली काही रास्त आहे. दुसऱ्याच्या दैवतांची टवाळी करणारा मजकूर त्यांनी छापला, हे नाकारता येणार नाही. परंतु ज्याला इतरत्र स्थान नव्हते अशा माणसाच्या पत्रालाही त्यांनी स्थान दिले. मराठी वाङ्मयाच्या इतिहासात ह्या एका पत्राला आज जे महत्त्व आहे ते पाहता, ज्ञानोदयाची ती पाने फुकट गेली नाहीत.

आता थोडे स्वतःकडे पाहू. ह्या साऱ्या घडामोडीत आपण पुण्याचे कॅथलिक कुठे होतो? शहरात तर होतोच. क्वार्टर गेटजवळील सिटी चर्च १७९२ सालचे. पेशव्यांच्या फौजेतील ख्रिस्ती सैनिक-अधिकाऱ्यांसाठी सवाई माधवरावांच्या कारकिर्दीत मिळालेल्या जागेवर ते उभे राहिले. पुणे धर्मप्रांत १८८६ मध्ये स्थापन झाला, म्हणजे पंचहौदाच्या चहाच्या वेळी त्याला चार वर्षे झाली होती. पण आपले जग मुख्यत्वे लष्करात होते, बोलणे इंग्रजीत आणि कोकणीत होते, धर्मगुरू बहुतांशी जर्मन होते. ‘निरोप्या’ निघायला अजून तेरा वर्षे होती. पेठांतल्या मराठीत जो प्रचंड वाद चालला होता तो आपल्याविषयीही होता, आपल्या हातच्या पाण्याविषयी होता, परंतु त्यात आपला आवाज नव्हता. आपली माणसे त्या यादीत आरोपी नव्हती, साक्षीदार नव्हती, न्यायाधीश तर नव्हतीच.

आपली घरेही सारी स्वच्छ होती असे नाही. पंचहौदच्या अँग्लिकन बंधूंच्या घरी एखाद्या कॅथलिक कुटुंबाने प्रार्थनेला जावे, हे त्या काळी आपल्या वडीलधाऱ्यांनाही खपले नसते. वाचू नये अशा पुस्तकांची यादी आपल्या ख्रिस्तसभेत १९६६ पर्यंत होती. याद्या काय फक्त ‘पुणे वैभवा’नेच छापल्या? आणि जातीचे म्हणाल तर बाप्तिस्म्याच्या पाण्यात ती सर्वांचीच विरघळली, असे छातीवर हात ठेवून कोण म्हणेल?

फादर हेन्री डोरिंग ह्या जर्मन जेझुइट धर्मगुरूंनी १९०३ साली ‘निरोप्या’ सुरू केला तो केंदळला, तेव्हाच्या अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील एका खेड्यात. हे स्थळ मला अर्थपूर्ण वाटते. पुण्याच्या पेठांत जो पाण्याचा प्रश्न पोथीतला होता, तो ह्या खेड्यांतल्या नवख्रिस्ती कुटुंबांच्या रोजच्या जगण्यातला होता. गावच्या विहिरीवर त्यांना पोहरा टाकता येत नव्हता. महाडच्या चवदार तळ्याला अजून चोवीस वर्षे होती. अशा माणसांच्या हाती त्यांच्याच भाषेतले मासिक पडले. धर्मशिक्षणाबरोबर त्यांना वाचनाची गोडी लागली, आणि त्यांच्यातून पुढे लिहिणारेही निघाले. डोरिंग १९०७ मध्ये पुण्याचे बिशप झाले. बिशपपदावर गेलेल्या संपादकांची उदाहरणे आपल्याकडे फारशी नाहीत.

पेठेतल्या मराठीशी प्रत्यक्ष गाठ पडायला मात्र आणखी अर्धे शतक जावे लागले. १९५५ साली परमगुरूंचे सेमिनरी महाविद्यालय श्रीलंकेतील कँडीहून पुण्यात आले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ च्या ऑक्टोबरात इतर धर्मांविषयीचा आपला जाहीरनामा संमत केला आणि त्या धर्मांत जे सत्य व पवित्र आहे त्यातील काहीही ख्रिस्तसभा नाकारीत नाही, ही भूमिका अधिकृतपणे घेतली. पुण्यात तिचा अर्थ फादर मॅथ्यू लेदर्ले ह्यांनी शनिवार पेठेत स्नेहसदन उभारून सांगितला. लष्करात नाही, सेमिनरीच्या आवारात नाही, तर शनिवारवाड्याच्या पेठेत. हा जर्मन माणूस भारताचा नागरिक झाला, मराठी शिकला, आधुनिक महाराष्ट्रातील तत्त्वचिंतनावर त्याने १९७६ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि त्याच्या घरात हिंदू व ख्रिस्ती अभ्यासक एकत्र बसून बोलू लागले. तिथे पाहुण्यापुढे चहा येत असे. त्याची यादी कोणी छापली नाही.

रानड्यांनी सुरू केलेल्या आणि फुल्यांनी नाकारलेल्या त्या ग्रंथकार संमेलनाची परंपरा पुढे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन म्हणून चालत राहिली. जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबाद येथे, म्हणजे आजच्या धाराशिवला, त्र्याण्णवावे संमेलन भरले. अध्यक्षस्थानी होते वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो. चोवीस वर्षे ‘सुवार्ता’चे संपादक राहिलेले आणि हरित वसईच्या चळवळीत उभे ठाकलेले हे कॅथलिक धर्मगुरू. निवड जाहीर होताच एका ख्रिस्ती धर्मगुरूने मराठीच्या संमेलनाचे अध्यक्ष व्हावे हे काहींना मानवले नाही, आणि विरोध झाला. त्यांनी कोणते लेखन केले, त्यांचे मत काय, ह्यापेक्षा त्यांच्या अंगावरचा झगाच विरोधकांच्या डोळ्यांत भरला. ते गेले. पाठदुखीने त्या दिवसांत त्यांना धड उभेही राहवत नव्हते, तरी चाकांच्या खुर्चीतून व्यासपीठावर गेले आणि बोलले. २५ जुलै २०२४ रोजी ते निवर्तले.

जे पत्र १८८५ मध्ये रानड्यांच्या संमेलनाने ऐकले नाही, ते ख्रिस्ती नियतकालिकाने छापून ठेवले होते. एकशे चौतीस वर्षांनंतर त्याच परंपरेतल्या संमेलनाच्या खुर्चीत एका ख्रिस्ती मासिकाचा माजी संपादक बसला होता.